जुन्या डिझेल ट्रकचा स्लो सारखा बिघडतोय? स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

जुन्या, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या ट्रकबद्दल एक तक्रार बारा महिने ऐकू येते: गाडी स्लोवर, म्हणजे पेडलवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहतं त्यावर, टिकत नाही. कुणाची सिग्नलला क्लच दाबला की गप्प होते. कुणाची उभ्या जागी रेस आपोआप वर-खाली होते. कुणाची पाय काढला तरी खाली यायचं नाव घेत नाही. मग कुणीतरी पाना-पेचकस घेऊन येतो, पंपावरचा स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवतो, इंजिन जागेवर येतं आणि गाडी लाइनला लागते. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

असं परत परत होत असेल तर एवढं पक्कं धरा की दोष स्क्रूत नाही. चेकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) घट्ट असेल तर स्क्रू स्वतःहून फिरत नाही. तो होता तिथेच आहे. बदललंय दुसरंच काहीतरी, आणि आपण दर वेळी स्क्रू फिरवून ते झाकतोय. असं करत करत स्क्रू इतका आत जातो की पुढे कधीतरी खरा दोष निघाल्यावर इंजिन एकदम हजाराच्या आसपास फिरायला लागतं. मग 'पंपच गेला' असं ठरतं आणि चांगला पंप खोलला जातो. मालकाचे पैसे जातात, गाडी उभी राहते, आणि मूळ कारण म्हणजे एवढासा तांब्याचा वायसर असू शकतो. म्हणून हा सगळा क्रम सविस्तर लिहितोय.

कोणत्या गाड्या

पुण्यात ही इंजिनं अजून भरपूर आहेत. वाघोली, उंड्री, बावधन भागात सोसायट्यांना पाणी पुरवणारे टँकर, विटा-खडीच्या गाड्या, मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या टाटाच्या जुन्या ४०७. टेल्कोने (हीच पुढे टाटा मोटर्स झाली) १९५४ मध्ये जमशेदपूरला डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, पण त्याच घराण्यातलं सहा सिलेंडरचं ६९७ इंजिन पुढे कितीतरी वर्षं चाललं. ४०७ आली १९८६ मध्ये. लेलँडची जुनी सहा सिलेंडरची इंजिनंही याच गटातली. पंप बहुतेकांवर मायकोचा असतो. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड नावाने चालते, पण जुन्या पंपांच्या प्लेटवर मायको हेच नाव दिसेल. ती प्लेट ग्रीस-मातीखाली दबलेली असते. आधी ती डिझेलच्या फडक्याने पुसून वाचा, तिच्यावर फार कामाची माहिती आहे. ती पुढे येईल.

स्लोवर नेमकं काय चालतं

डिझेल इंजिनात हवा अडवायची सोय बहुधा नसते, सगळा कारभार डिझेल किती जातं यावर. पंपातला रॅक, म्हणजे आतली सरकती दांडी, पुढे गेला की डिझेल वाढतं, मागे आला की कमी होतं. रॅक मागे-पुढे करतो गव्हर्नर: एका बाजूने फिरणारी वजनं, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग. इंजिन पडायला लागलं की वजनं आत येतात, स्प्रिंग रॅक पुढे ढकलते. इंजिन चढलं की उलट.

यातली कळीची गोष्ट अशी की स्लोवर प्रत्येक सिलेंडरला जाणारं डिझेल अगदी थेंबभर असतं. फुल लोडवर एखाद्या एलिमेंटमधून (पंपात प्रत्येक सिलेंडरसाठी डिझेल दाबणारा दट्ट्याचा जोड) थोडं डिझेल निसटलं तर ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. तेवढंच डिझेल स्लोवर निसटलं तर त्या सिलेंडरचा अर्धा खुराक गेला. म्हणून पंप, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), फिल्टर, लिंकेज (पेडल ते पंप जोडणारे रॉड-केबल) यातली कुठलीही खोड सगळ्यात आधी स्लोवर दिसते. गाडी घाट नीट चढते म्हणजे पंप ठीकच आहे, असं म्हणून चालत नाही.

पहिलं काम: लिंक काढा

पंपाच्या लिव्हरला अ‍ॅक्सिलेटरचा रॉड किंवा केबल जिथे जोडलेली असते, तो बॉल जॉइंट सोडवा. लिव्हर मोकळा झाला की तो स्वतःच्या स्प्रिंगने स्लोच्या स्क्रूवर टेकला पाहिजे. आता इंजिन चालू करा. स्लो सुधारला तर पंपाचा काही संबंध नाही, दोष केबिन ते पंप या रस्त्यात आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात.

मग त्या रस्त्यात काय काय असू शकतं ते बघायचं. पेडलखाली सरकलेली मॅट. घासलेला बुश. थकलेली रिटर्न स्प्रिंग. टँकरवाल्यांकडे आणखी एक गोष्ट हमखास: पाणी उपसताना रेस धरून ठेवायला हँड अ‍ॅक्सिलेटरची केबल टाकलेली असते, ती गंजून अर्ध्यात अडकते आणि लिव्हर स्क्रूपर्यंत येतच नाही.

अशाच एका टँकरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. उभ्या गाडीत रेस वर-खाली व्हायची आणि ड्रायव्हरचं म्हणणं, "मेस्त्री, पंप आत्ताच करून आणलाय, शेठ परत पंपाला पैसे देणार नाहीत." लिंक काढली आणि इंजिन शांत झालं. लिंक लावली की पुन्हा झोके. पेडलला कुणाचा पाय नाही, केबल मोकळी, स्प्रिंग चांगली. मग बॉनेटवरून बघत राहिलो तर इंजिनच डावी-उजवीकडे डुलत होतं. पुढच्या फाउंडेशनचं (इंजिन चासीवर बसतं ती बैठक) रबर पार बसलेलं, एका बाजूला लोखंडाला लोखंड लागलेलं. इंजिन डुललं की पंप त्याच्यासोबत सरकायचा, रॉड मात्र चासीला धरून जागेवर. म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःचा अ‍ॅक्सिलेटर ओढत होतं. रेस वाढली की डुलणं कमी, लिव्हर परत मागे, रेस पडली की पुन्हा डुलणं. फाउंडेशन बदललं, रॉडची लांबी जुळवली, पंपाला हातही लागला नाही. नाना पेठेत रबर मिळायला जेवढा वेळ गेला तेवढाच.

लिंक सोडलेली असतानाच बंद करायची केबलही बघून घ्या. या गाड्यांत चावीने इंजिन बंद होत नाही, दांडी ओढून पंपाचा स्टॉप लिव्हर फिरवावा लागतो. ती केबल वाकली किंवा आत माती गेली की दांडी आत ढकलली तरी लिव्हर पूर्ण परत जात नाही. रॅक अर्धवट अडकून राहतो. स्लो पडतो, ओढही कमी होते, आणि सगळे फिल्टर बदलत बसतात. स्टॉप लिव्हर हाताने पूर्ण चालू बाजूला ढकलून बघा. तेवढ्याने इंजिन सुधारलं तर केबल बदला.

हवा

लिंक आणि केबल ठीक असतील तर दुसरा संशय डिझेलमधल्या हवेवर. लक्षणं ओळखीची आहेत: सकाळी सेल मारला की एकदा चालू होऊन बंद पडतं, मग प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा पंप) मारला की चालतं. टाकी पाव भागाखाली गेली की त्रास वाढतो. चढावर जास्त होतो.

इथे एक गैरसमज फार आहे. "डिझेल कुठेच गळत नाही, मग हवा कुठून घेणार?" टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) लाइन ओढणारी आहे. तिच्यातल्या भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे वरून कोरडी दिसणारी लाइनच हवा घेते. फिल्टर आणि पंपाच्या मधे थोडा वेळ पारदर्शक पाईप लावा आणि इंजिन स्लोवर चालवा. बुडबुडे दिसले की टाकीकडून सुरुवात करा: टाकीतली उभी नळी वरच्या जोडापाशी चिरलेली, रबरी होज कडक होऊन भेगाळलेला, प्रायमरची दांडी ढिली, बॅन्जो बोल्टखाली (डिझेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) जुनेच वायसर परत लावलेले. तांब्याचा वायसर दर वेळी नवीन घाला. एकदा दाबला गेला की तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

हवा काढताना घाई करू नका. आधी फिल्टरचा एअर स्क्रू ढिला करून प्रायमर मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. तरीही धरलं नाही तर नोझलच्या बाजूचे पाईपचे नट ढिले करून सेल मारायचा.

पावसाळ्यात हवेच्या जोडीला पाणी येतं. पंपात पाणी गेलं आणि गाडी काही दिवस उभी राहिली की रॅक आणि एलिमेंट गंजून जड होतात. जड रॅक स्लोवर झटक्याने हलतो आणि इंजिन झोके खातं. जून ते सप्टेंबर फिल्टरच्या तळाचा ड्रेन रोज सकाळी उघडून थोडं डिझेल भांड्यात काढा. पाणी तळाला बसलेलं दिसतं.

फीड पंप आणि फिल्टर चांगले असूनही स्लो असमान असेल तर पंपाच्या गॅलरीवरचा (एलिमेंटना डिझेल जिथून मिळतं ती पोकळी) ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासा. गॅलरीत साधारण एक-दीड बार दाब टिकवणं हे त्याचं काम. आतली स्प्रिंग थकली की डिझेल सरळ परतीच्या लाइनला निघून जातं. ही स्प्रिंग हाताने ओढून लांब करून परत घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने काही दिवस भागतं, दाब मात्र कितीवर गेला ते कुणालाच कळत नाही. व्हॉल्व्ह महाग नाही, नवीन टाका.

ज्यांच्या गाडीला रोटरी पंप (एकाच दट्ट्याने सगळ्या सिलेंडरना डिझेल वाटणारा) आहे त्यांनी परतीच्या बोल्टकडे लक्ष द्यावं. त्याच्या डोक्यावर इंग्रजीत 'आऊट' कोरलेलं असतं आणि त्यात सुईएवढं भोक असतं. पंप उतरवून परत लावताना हा बोल्ट आणि येणाऱ्या लाइनचा साधा बोल्ट यांची अदलाबदल होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अदलाबदल झाली की पंपाला एकीकडे डिझेल अपुरं पडतं आणि दुसरीकडे आतला दाब टिकत नाही.

एखादा सिलेंडर मार खातोय का

इंजिन स्लोवर थरथरत असेल, सायलेन्सरमधून ठराविक अंतराने 'फट्' येत असेल, तर सिलेंडर एक एक करून तपासा. पाईपचा नोझलकडचा नट अर्धा आटा ढिला करायचा आणि ऐकायचं. चांगला सिलेंडर तोडला की इंजिन लगेच पडतं, आवाज बदलतो. काहीच फरक पडला नाही तर तो सिलेंडर आधीपासूनच काम करत नाही. नटावर फडकं धरा, डोळ्याला चष्मा असू द्या, आणि उडणाऱ्या डिझेलसमोर बोट कधीही नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, आतून बोट जायची वेळ येते. असं झालं तर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठायचं.

बंद सिलेंडर सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलेंडरला लावून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल. जागेवरच राहिला तर पंपाचं एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) याच वेळी बघून घ्या. व्हॉल्व्ह घट्ट राहिला असेल तर इंजिन थंड असताना निळसर-पांढरा धूर, थरथर, आणि गरम झाल्यावर बरं, असा प्रकार दिसतो.

एअर ब्रेकच्या गाडीत थरथरीचं आणखी एक कारण आहे, ते लक्षातच येत नाही. कॉम्प्रेसर टाकी भरत असताना इंजिनावर ओझं असतं, टाकी भरली की ते उतरायला हवं. अनलोडर (हे ओझं उतरवणारा व्हॉल्व्ह) अडकला तर ओझं कधीच उतरत नाही आणि स्लो कायम दबलेला राहतो. हवेचा काटा बघा: कट-ऑफचा 'फुस्स' आवाज झाल्यावर स्लो थोडा वर येतो का?

गरम झाल्यावर बंद पडते

ही तक्रार वेगळी धरा. इंजिन गरम झालं की ऑइल पातळ होतं, इंजिन हलकं फिरतं. म्हणून गरम इंजिनाचा स्लो थंड इंजिनापेक्षा किंचित वर असायला हवा, निदान तेवढाच तरी. तुमच्या गाडीत उलटं होत असेल, सकाळी छान आणि खंबाटकी घाट उतरून खाली आल्यावर टोलच्या रांगेत बंद पडत असेल, तर पंपाचे एलिमेंट झिजलेत असा माझा पहिला अंदाज राहील. डिझेल गरम होऊन पातळ होतं आणि झिजलेल्या एलिमेंटच्या फटीतून निसटतं. खात्री करायची तर गाडी बंद पडल्यावर, बंद अवस्थेतच, पंपावर ओला पिळलेला फडका ठेवा. पंप निवल्यावर इंजिन पहिल्यासारखं धरत असेल तर अंदाज खरा. चालू गरम पंपावर पाणी ओतू नका, आतले भाग एकदम आवळले जाऊन जाम होतात.

दुसरी खूण ऑइलमध्ये सापडते. ज्या पंपाला स्वतःचं ऑइल असतं त्याची पातळी चढत असेल, किंवा ज्याला इंजिनाचं ऑइल जातं त्या इंजिनाची डिपस्टिक वर येत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आत उतरतंय. हे फक्त स्लोपुरतं राहत नाही. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. अशी गाडी पुढे चालवू नका.

गव्हर्नर

आता प्लेट वाचा. गव्हर्नरच्या कोडमध्ये आरक्यू किंवा आरएसव्ही अशी अक्षरं आणि त्यापुढे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३०० आणि १४००. हे आकडे पंपाच्या फेऱ्यांचे आहेत. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ३०० म्हणजे इंजिनाचे ६०० आणि १४०० म्हणजे इंजिनाचे २८००. मॅन्युअल हरवलेल्या गाडीला स्लो किती असावा याचा अंदाज इथून मिळतो. या वर्गातल्या बहुतेक इंजिनांचा स्लो ५५० ते ७०० च्या दरम्यान येतो.

आरक्यू फक्त दोन टोकं सांभाळतो, स्लो आणि कमाल. मधला सगळा खेळ ड्रायव्हरच्या पायाचा. आरएसव्ही प्रत्येक वेगाला लक्ष ठेवतो. आरएसव्हीच्या मागच्या बाजूला चेकनट लावलेला एक वेगळा स्क्रू असतो, आत स्लोला आधार देणारी छोटी स्प्रिंग. इंजिन बारीक झोके खात असेल आणि लिंक, हवा, नोझल सगळं निर्दोष ठरलं असेल, तर हा स्क्रू थोडासा आत घेतल्यावर झोके थांबतात. थांबले की तिथेच सोडा. जास्त आत घेतला तर ती स्प्रिंग रॅकला पूर्ण मागे येऊ देत नाही आणि वरच्या टोकाला इंजिन मर्यादेबाहेर जाऊ शकतं. हात बसलेला नसेल तर हे काम पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवरच (पंप तपासायचं यंत्र) करून घ्या.

अगदी जुन्या काही इंजिनांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो: हवेच्या वाटेत झडप, तिथून पंपामागच्या डायफ्रॅमपर्यंत एक नळी. यात डायफ्रॅम फाटला किंवा नळी चिरली की इंजिन पडत नाही, उलट चढतं, कारण रॅक मागे ओढणारी ओढच संपते. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद, नळी झडपेच्या बाजूने काढलेली. स्टॉप लिव्हर पूर्ण बंद बाजूला धरा, नळीचं तोंड अंगठ्याने दाबा आणि लिव्हर सोडा. चांगला डायफ्रॅम लिव्हरला अडवून धरतो. लिव्हर झटकन परत आला तर डायफ्रॅम गेला.

आता स्क्रू

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच स्क्रूला हात लावा. इंजिन पूर्ण गरम हवं, पाण्याचा काटा नेहमीच्या जागी आलेला. डिसेंबरात पहाटे निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात थंडगार इंजिनावर सेट केलेला स्लो दुपारी नक्की वर जाणार. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. बाह्या वर, गळ्यातला गमछा काढून ठेवलेला, पंखा हातभर अंतरावरच असतो. आणि सुरुवात करायच्या आधी स्टॉप लिव्हरने इंजिन खरंच बंद होतं ना ते करून बघा. पंपाचं काम करताना इंजिन सुसाट सुटण्याची शक्यता असते. तशा वेळी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबायची, हात किंवा फडकं नाही. म्हणून एअर क्लीनरचा होज पटकन काढता येईल असा ठेवा आणि फळी जवळ असू द्या.

फेरे कानाने ठरवू नका. टॅकोमीटर नसेल तर मोबाइल चालतो. क्रँक पुलीवर खडूने किंवा पांढऱ्या रंगाने एक ठळक रेघ मारा. इंजिन बंद असताना मारायची. मग उन्हात, लांबून झूम करून, स्लो मोशनमध्ये पुलीचं शूटिंग करा. शूटिंग चालू असताना नेमके पाच सेकंद पकडता यावेत म्हणून शेजारी दुसऱ्या मोबाइलचं स्टॉपवॉच फ्रेममध्ये ठेवा. नंतर बसून त्या पाच सेकंदांत रेघ किती वेळा वर आली ते मोजा आणि १२ ने गुणा. ५० आल्या तर ६००. ४६ आल्या तर ५५२. ही पद्धत डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यापेक्षा खात्रीची आहे.

स्क्रू फिरवताना चेकनट ढिला करून पाव पाव आटाच फिरवा. आत घेतला की लिव्हर उचलला जातो, स्लो वाढतो. प्रत्येक वेळी रेस मारून सोडा आणि इंजिन त्याच जागी परत येतं का ते बघा. कधी ६०० वर, कधी ६८० वर येत असेल तर अजून काहीतरी अडकतंय, सेटिंग पुढे नेऊ नका. नीट परत येत असेल तर लाइट लावा, क्लच दाबून बघा, स्टिअरिंग पॉवरचं असेल तर टोकापर्यंत फिरवून बघा. या ओझ्याने इंजिन थोडं दबेल, बंद पडता कामा नये. शेवटी पेचकसाने स्क्रू धरून चेकनट आवळा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून त्यानंतर फेरे पुन्हा मोजायचेच. लिंक परत जोडताना रॉडची लांबी अशी ठेवा की पेडल सोडल्यावर लिव्हर स्क्रूवर टेकलेला राहील आणि रॉडला ताण नसेल.

'सिग्नलला बंद पडू नये' म्हणून स्लो मुद्दाम चढवून ठेवणारे खूप आहेत. त्याने पहिला गिअर टाकताना दात खर्र करतात, दिवे घाटात हळू रांगेत गाडी सारखी पुढे ढकलत राहते आणि ब्रेक तापतात. फार खाली ठेवला तर ऑइलचा दाब कमी, चार्जिंग नाही, गिअरबॉक्सचा खडखडाट.

स्लोच्या स्क्रूशेजारचे तारेने आणि शिशाच्या सीलने बंद केलेले स्क्रू सोडून द्या. एक कमाल वेगाचा, एक फुल लोडच्या डिझेलचा. 'पिकअप वाढवून देतो' म्हणून कुणी सील तोडत असेल तर त्याला गाडी देऊ नका. डिझेल वाढवलं की काळा धूर वाढतो. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीत ६५ एचएसयूची (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) मर्यादा आहे आणि ती चाचणी इंजिन स्लोवरून एकदम कमाल वेगापर्यंत नेऊनच घेतात. कमालीचा स्क्रू कुणी छेडलेला असेल तर त्या चाचणीतच कनेक्टिंग रॉड बाहेर येऊ शकतो.

पंप उतरवायचीच वेळ आली तर टायमिंगच्या खुणा आधी फोटो काढून ठेवा आणि पंपाबरोबर सगळी नोझल आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही पंपवाल्याकडे द्या. बेंचवर प्रत्येक एलिमेंटचं डिझेल स्लोच्या फेऱ्यांवर वेगळं मोजून मागा. बरेच जण फक्त फुल लोडचं रीडिंग जुळवून पंप परत देतात, आणि तुमची तक्रार तर स्लोचीच असते. दोन्हींचे आकडे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी पंप कुणाच्याही हातात गेला तरी कुठल्या एलिमेंटमध्ये किती फरक पडला ते त्याला समोर दिसेल.